चिंतेच्या गोळीचा असर उतरला की पुन्हा धडधड का होते?

सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत सगळं ठीक असतं. मग संध्याकाळी छातीत धडधड सुरू होते, हाताला घाम येतो, जीव घाबराघुबरा होतो. ‘आजार वाढला की काय?’ अशी शंका येते. पण हा त्रास रोज ठरावीक वेळीच होत असेल, तर कारण गोळीच्या वेळेतही असू शकतं.

असं का होतं?

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो, त्याला औषधाचं ‘अर्धायुष्य’ म्हणतात. अल्प्राझोलामचं अर्धायुष्य साधारण ११ तास आहे, तर क्लोनाझेपामचं ३० ते ४० तास. त्यामुळे अल्प्राझोलामसारख्या गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच कमी होऊ शकतो. कधी कधी चिंता आधीपेक्षा जोरात परतते. याला ‘रिबाउंड’ म्हणतात.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं वेगळी आहेत. त्यांचा परिणाम काही आठवड्यांत हळूहळू दिसतो, तो तासातासाला चढत-उतरत नाही. मात्र डोस चुकले तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते.

काय करू नये?

मनाने जास्तीची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामची सवय लागते आणि तोच डोस अपुरा वाटू लागतो. दारूसोबत ही औषधं घेतल्यास श्वास मंदावून जीवाला धोका होऊ शकतो.

रोजची गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. डोस कमी करायचा असेल, तर तो डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच करावा.

डॉक्टरांना काय सांगाल?

आठवडाभर एका कागदावर लिहा: गोळी किती वाजता घेतली, त्रास किती वाजता सुरू झाला, चहा-कॉफी किती झाली, झोप किती लागली. ही नोंद पाहून डॉक्टर गोळीची वेळ बदलणं, डोस विभागून देणं, जास्त वेळ टिकणारं औषध देणं किंवा समुपदेशन यांपैकी योग्य ते ठरवू शकतात.

त्रास सुरू झाल्यावर श्वास सावकाश सोडा आणि थोडं चाला. दुपारनंतरचा चहा कमी करून पाहा.

काटोलकरांनी काय लक्षात ठेवावं?

उपचार नागपुरात सुरू असतील, तर प्रत्येक फेरी एका बाजूनेच सुमारे ६० किलोमीटरची. संत्र्याच्या तोडणीत ती सहज लांबते आणि गोळ्या संपतात. अल्प्राझोलाम २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाची व डॉक्टरची नोंद ठेवावी लागते. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढची भेट ठरवा.

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय सरकारी आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. घरबसल्या बोलायचं असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

फिट आली, भान हरपलं किंवा जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच जवळचं रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.