जागल, बंदूक आणि रानडुक्कर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

डिसेंबरातली गोष्ट आहे. सकाळी अंगणात उन्हाला बसलो होतो. आमच्या गावात मी एकटाच कविता लिहिणारा. त्यामुळे गावातले अर्जही मीच लिहावेत, अशी समजूत आहे. बी.ए. झालेल्या माणसाला एवढा मान मिळतोच. शेजारच्या गल्लीतला एक तरुण शेतकरी आला. डोळे तांबारलेले, पायाला चिखल, अंगावर रात्रीचे घोंगडे तसेच.

"चाचा, एक अर्ज लिहून द्या ना. पिस्तुलाच्या लायसनचा."

"पिस्तूल कायले पाह्यजे बाप्पा तुले?"

"डुकरं मारासाठी. तीन एकर हरभरा. एका रातीत अर्धा उपटून टाकला."

खिशातून मोबाइल काढून त्याने मला एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतला कुणी गडी बर्फात उभा राहून पिस्तुलाने रानडुक्कर पाडत होता. "हे पाहा, कसं सोपं आहे," तो म्हणाला.

मी त्या दिवशी अर्ज लिहिला नाही. त्याला चहा पाजला आणि उद्या ये म्हटले. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या वऱ्हाडात माणूस, बंदूक आणि रानडुक्कर यांचे नाते फार जुने आहे. ते नाते कुठून कुठवर आले, हे आज आपल्याला सांगावेसे वाटते.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. आमच्या घरात या जनावराचे नाव घेत नसत. घ्यायची वेळ आलीच तर 'बदजानवर' म्हणत. पण शेत राखायचे म्हटल्यावर नाव टाळून भागत नाही. माझ्या आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची एक भरमार बंदूक होती. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छरे गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर शिवार ओलांडून गेलेले असे.

थंडीत या बंदुकीचे हाल फार. पहाटे दंव पडले की दारू सर्दावते. चाप ओढला की नुसता 'फुस्स' आवाज येतो. म्हणून आजोबा दारूची चामड्याची पिशवी घोंगडीच्या आत, छातीशी धरून बसत. माळ्यावर आम्ही दोघे, खाली शेकोटी, हाताशी रिकामा तेलाचा डबा आणि एक काठी. याला आमच्याकडे जागल म्हणतात. मी गेलो तेव्हा १९७२ चा वन्यजीव कायदा येऊन बरीच वर्षे झाली होती. आजोबा बंदुकीत छरे भरत नसत. नुसती दारू ठासून आवाज काढत. म्हणायचे, "मारायचे दिवस सरले. आता नुसतं सांगायचं, की आम्ही जागे आहोत." त्याआधीच्या काळात त्यांनी मारलेले डुक्कर ज्यांना चालत असे ते लोक घेऊन जात. आजोबा बंदूक पुसत, हातपाय धूत आणि फजरच्या नमाजाला उभे राहत. पीक राखणे हे त्यांच्या लेखी काम होते. शिकारीचा शौक त्यांना नव्हता.

शौक करणारे वेगळे होते. आपला वऱ्हाड १५९६ च्या सुमारास अकबराचा सुभा झाला. पुढे शाहजादा दानियाल दख्खनचा कारभार पाहायला बुऱ्हाणपुरात येऊन राहिला. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या मेळघाटाच्या पलीकडचा शेजार. दानियालला बंदुकीच्या शिकारीचे विलक्षण वेड. आपल्या एका आवडत्या बंदुकीचे नाव त्याने 'यक्का ओ जनाजा' ठेवले होते. म्हणजे जिला गोळी लागेल त्याची थेट अंत्ययात्राच. दारूच्या व्यसनाने तो खंगला, तेव्हा अकबराने त्याच्यावर पहारा बसवला. त्याची देखरेख खानखानान अब्दुर्रहीम यांच्याकडे होती. दोहे लिहिणारे रहीम ते हेच. पण शाहजाद्याच्या बंदूकवाल्याने त्याच बंदुकीच्या नळीत दारू भरून आत आणली. नळीतला गंज आणि बारुदीचा अंश त्या दारूत उतरला आणि ती पिऊन शाहजादा गेला. जहांगीराने आपल्या आठवणीत ही हकिकत लिहून ठेवली आहे. शिकारीच्या बंदुकीने शेवटी मालकाचाच जनाजा उठवला.

याच जहांगीराने आपल्या शिकारीचा हिशोबही ठेवला होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या आसपासपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने १७,१६७ प्राणी आणि पक्षी मारले. त्यात ८८९ नीलगायी आहेत आणि ९० रानडुकरेही आहेत. जो प्राणी खायचा नाही, तोही बादशहा मारत होता. कारण शिकार हा राज्य करण्याचाच एक भाग होता. जंगलात तळ पडला की त्या मुलखाची खबरबात लागे, रयतेला बादशहाचे दर्शन होई आणि फौजेला कवायत घडे. डुकराने कुणाचे पीक खाल्ले, हा प्रश्न त्या हिशोबात कुठेच नव्हता.

इंग्रजांचा काळ आला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आणि त्याच डिसेंबरात गाविलगडावर आर्थर वेलस्लीने लढाई जिंकली. दोन्ही लढाया ऐन हिवाळ्यातल्या. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. परतवाड्याला जुनी माणसे अजूनही 'कॅम्प' म्हणतात, ते त्यामुळेच.

या गोऱ्या अधिकाऱ्यांचा लाडका खेळ म्हणजे घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे. मेरठला त्याची 'कादिर कप' नावाची स्पर्धा भरे. पुढे बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १८८३ साली हा कप जिंकला आणि १८८९ मध्ये या खेळावर पुस्तकच लिहिले. या खेळाचा एक नियम ऐकण्यासारखा आहे. जिथे घोडा दौडू शकतो, तिथे डुकरावर गोळी झाडणे म्हणजे बेअब्रू. साहेबलोकांत असा माणूस हलका समजत. जखमी डुक्कर उलटून घोड्यावर चालून येते, सुळ्यांनी घोड्याचे पोट फाडते. त्या धोक्यातच त्यांना मौज वाटे. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीला मात्र भेगा फार. त्यात घोड्याचा पाय गेला की स्वार आणि घोडा दोघेही आडवे. आपल्या जमिनीने डुकरांना दिलेले हे थोडेसे संरक्षणच म्हणा.

त्या काळात शिकारी साहेबाजवळ पिस्तूलही असे. हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जाणारे 'हौदा पिस्तूल' नावाचे जाड नळीचे, दोन बारांचे पिस्तूल जवळ बाळगत. पण ते शिकार करायला नव्हते. जखमी वाघ हत्तीवर चढून हौद्यापर्यंत आला, तर शेवटच्या क्षणी जीव वाचवायला होते. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा, हत्ती आणि हुकूम होता, तेसुद्धा आखूड नळीवर शिकारीचा भरवसा ठेवत नव्हते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. साहेबासाठी डुक्कर हा खेळ होता, तर शेतकऱ्यासाठी ते नुकसान होते. खेळणाऱ्याला हत्यार मोकळे होते आणि ज्याचे पीक जात होते त्याला दारोदार फिरावे लागे.

शेतकरी मग कुणाकडे जाई? फासेपारध्यांकडे. अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा या भागात फासेपारधी समाज मोठा आहे. फास लावावा तो त्यांनीच. कुठल्या नाल्यातून कळप उतरतो, कुठल्या बांधावरून जातो, हे ते मातीवरच्या खुरांवरून सांगत. गावोगावचे शेतकरी त्यांना बोलावत, धान्य देत, शिवार मोकळे करून घेत. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कागदावरून १९५२ साली पुसला. लोकांच्या मनातून मात्र अजून पुरता पुसलेला नाही. ज्यांच्याजवळ बारुदीशिवाय डुक्कर आवरण्याची विद्या होती, त्यांनाच आपण गावकुसाबाहेर लोटले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा विचार केलेला दिसतो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, असे कलम त्यात आहे. पिस्तुलाला त्या यादीत जागा नाही. याचे कारण साधे आहे. रानडुकराच्या खांद्यावर जाड कातडीचे आणि कुर्च्याचे कवच असते. आखूड नळीची गोळी अंधारात, थंडीने कापणाऱ्या हातातून सुटली, तर ती नीट लागण्याची शक्यता कमी. जखमी झालेले डुक्कर पळत नाही, उलटते. शिवाय चुकलेली गोळी बांधापलीकडे जागलीला बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाते.

मग त्या चित्रफितीतल्या अमेरिकन माणसाचे काय? तिथली गोष्टच निराळी आहे. अमेरिकेत मुळात डुक्करच नव्हते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरे नेली, ती रानात सुटली. पुढे विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेने युरोपातली रानडुकरेही नेऊन सोडली. आज ते त्यांच्यासाठी उपरे जनावर आहे. टेक्सासमध्ये तर २०१९ पासून मालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडे मात्र ते इथलेच आहे. वाघाचे आणि बिबट्याचे ते अन्न आहे. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघ जगायचा तर हरीण आणि डुक्करही जगले पाहिजे.

अडचण आहे ती पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. तिथे वाघ नाही. लांडगे कमी झाले. ई-क्लास जमिनीवर आणि नाल्यांच्या काठी बाभळीची झुडपे माजली. त्यात डुकरे दिवसभर दडतात आणि रात्री हरभऱ्यात, भुईमुगात, ज्वारीत उतरतात. मादी जेमतेम पावणेचार महिन्यांत वीत देते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही.

कायद्यालाही ते मान्य आहे. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले रानडुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारता येते, अशी तरतूद वन्यजीव कायद्यात आहे. २०१५ साली आपल्या राज्य सरकारने त्यासाठीची पद्धत सोपी करण्याचा निर्णयही काढला. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची बदलल्या आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले, पण परवानगीची वाट बंद झाली नाही. पण परवानगी मिळाली तरी मारणार कोण? आजोबांच्या पिढीच्या भरमार बंदुका गेल्या, परवाने वारसांनी पुढे चालवले नाहीत.

आणि मग जे होते ते मी घरात पाहिले आहे. आमच्याच नात्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या धुऱ्यावर तार ओढून तिच्यात वीज सोडली. पहाटे ती काढायची राहिली. सालदार बैल घेऊन लवकर आला. धुक्यात त्याला तार दिसली नाही. आधी बैल पडला. बैलाला सोडवायला धावलेला माणूसही तिथेच राहिला. नातेवाईक तुरुंगात गेला. त्या सालदाराची मुलगी तेव्हा सातवीत होती. मी त्यांच्या घरी गेलो, तर बोलायला शब्द नव्हते. कवी म्हणवणाऱ्या माणसाची याहून मोठी फजिती नसावी. त्या रात्री डुकरे आलीच नव्हती. हरभरा जसाच्या तसा उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो तरुण पुन्हा आला. मी त्याला हे सारे सांगितले. दानियालचेही सांगितले आणि सालदाराचेही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाचा, मीबी तारेचाच इचार करत होतो. पिस्तूल तर नुसतं म्हणाचं होतं."

मला धस्स झाले. लगेच कागद काढला. पहिला अर्ज नुकसानीचा लिहिला, पंचनाम्यासाठी. दुसरा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, डुकरांच्या बंदोबस्तासाठी. तिसरा झटका मशीनच्या अनुदानासाठी. झटका मशीन सौर ऊर्जेवर चालते. त्याचा धक्का जनावराला पळवतो, मारत नाही. तार तीच दिसते, फरक एवढाच की तिला हात लागला तरी माणूस घरी परत येतो.

तिन्ही अर्जांवर त्याने सही केली. जाताना दारात थांबून म्हणाला, "पण आज रातीचं काय?"

या प्रश्नाला कुठल्याच अर्जात उत्तर नव्हते. आजोबांची घोंगडी अजून माझ्याकडे आहे. ती घेतली, तेलाचा रिकामा डबा घेतला आणि त्याच्याबरोबर जागलीला गेलो. पहाटे तीनच्या सुमारास नाल्याच्या बाजूने खसफस झाली. आम्ही दोघांनी डबा बडवला, ओरडलो. कळप परत फिरला.

त्याचा हरभरा त्या रात्रीपुरता वाचला. अर्जांचे उत्तर अजून यायचे आहे.