पुणेरी पलटण, मार्गे टाकळीभान

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हापासून पुणेरी पलटणचे सामने बघतो आहे. पण हा संघ आपला वाटायला बरीच वर्षं गेली. मी शिर्डीचा, आणि ‘पुणेरी’ हे विशेषण आमच्याकडे सहसा कौतुकानं वापरलं जात नाही.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. तोवर कबड्डीपटूच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असे, ती म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा. मी शाळेत कोपऱ्यात खेळायचो आणि दहावीला क्लास लागल्यावर खेळ सोडला. माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळणारे खेळाडूंच्या कोट्यातून भरती होण्याची वाट बघत राहिले. लीगनं खेळाडूवर थेट बोली लावली, हा मोठाच फरक होता.

पहिल्या वर्षी आठ संघ होते. शेजारच्या यू मुम्बानं पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ ला विजेतेपदही घेतलं. पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत आठवी. मग मंजीत छिल्लर कर्णधार म्हणून आला. २०१६ मध्ये लीगचे दोन हंगाम झाले आणि दोन्हींत पलटण तिसरी आली. २०१८ च्या लिलावात नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख मोजले, तरी त्या वर्षी बाद फेरी हुकली. पैसे टाकून मोठं नाव आणायचं आणि पुढच्या लिलावापर्यंत बघायचं, असा एकूण कारभार होता.

फरक पडला तो २०२१-२२ च्या हंगामात. कोरोनामुळे सगळे सामने बंगळुरूत, एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना झाले. प्रशिक्षक होता अनुप कुमार, आणि चढाईसाठी तोमर व राहुल चौधरी ही नावं होती. पण हंगाम पुढे सरकला तसा चढायांचा भार दोन नवख्या पोरांवर आला. एक मोहित गोयत, दुसरा अस्लम इनामदार.

अस्लम टाकळीभानचा. शिर्डीहून श्रीरामपूर, तिथून नेवाशाच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. वडील लवकर गेले, आईनं कष्टाची कामं करून घर चालवलं. त्याचा खेळ बघायचा तो तिसऱ्या चढाईला. ओळीनं दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हाताशी असतात तीस सेकंद. समोरच्यांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे ते मागे दबा धरून बसतात. अशा वेळी अस्लमची घाई झालेली मला फारशी दिसली नाही.

पुढच्या हंगामात पलटणनं पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरकडून २९-३३ अशी हरली. नंतर कर्णधारपद अस्लमकडे आलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतानं इराणला हरवलं. नियमाच्या वादात तो सामना मध्येच बराच वेळ थांबला होता. भारतीय संघात अस्लम होता, समोर इराणचा मोहम्मदरेझा शादलू. दोनच दिवसांनी लिलाव झाला आणि पलटणनं शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. परवाचे प्रतिस्पर्धी एका संघात!

त्या हंगामात पलटणनं साखळीतल्या २२ सामन्यांपैकी फक्त दोन गमावले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक बी. सी. रमेश. त्या सामन्यात पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले, तिथं पारडं फिरलं. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम.

लिलावाचा खेळ मात्र थांबत नाही. पुढच्या वर्षी शादलू हरियाणाकडे गेला, अस्लम दुखापतीनं बाहेर बसला आणि पलटण बाद फेरीतही नव्हती. २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामना मात्र बालेवाडीत, पलटणच्या घरच्या मैदानावर झाला. शादलूच्या हरियाणानं करंडक तिथून उचलला. तेव्हा मला प्रथमच राग आला, आणि संघ आपला झाल्याचं बहुधा तेव्हाच कळलं.

२०२५ ला अस्लम परतला. पलटण साखळीत पहिली आली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत, दिल्लीकडूनच २८-३१ अशी हरली. रात्री शिर्डीहून वडिलांचा फोन आला. ते कबड्डी बघत नाहीत, पलटणचं नावही त्यांना धड सांगता येत नाही.

“आपला टाकळीभानचा हरला म्हणे,” ते म्हणाले.