भरवेलीचे खनिज आणि हातातील विजेरी

श्रोतेहो, रात्रीच्या पाळीने पिकाला पाणी द्यावयास निघालेला शेतकरी उंबरठा ओलांडण्यापूर्वी विजेरी एकदा लावून पाहतो. उजेड पडला की तो निर्धास्तपणे निघतो. हाच उजेड मध्येच बांधावर विझला, तर पायाखाली वाट आहे की विंचूकाटा, हे कळावयास मार्ग उरत नाही. बालाघाटसारख्या वनांनी वेढलेल्या जिल्ह्यात हे कोणास सांगावयास नको. परंतु या जिल्ह्याच्या भूमीचा आणि विजेरीचा संबंध मात्र सांगण्याजोगा आहे.

बालाघाट शहरालगत भरवेलीची मँगॅनीजची खाण आहे. आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगॅनीज खाण म्हणून तिची ख्याती आहे. जुन्या मध्यप्रांतातील या खनिजाच्या शोधार्थ १८९६ साली एक इंग्रज मंडळी स्थापन झाली. पुढे १९०९ साली भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी हिंदुस्थानातील मँगॅनीजच्या साठ्यांवर बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील एका खडकास गोंड जमातीवरून लाभलेले ‘गोंडाइट’ हे नाव त्यांचेच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. भूमीच्या पोटातील खनिजाचा पट्टा मात्र तिन्ही जिल्ह्यांत पसरलेलाच राहिला. १९६२ साली स्थापन झालेली व आज ‘मॉइल’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी नागपुराहून या खाणींचा कारभार पाहते.

मँगॅनीजचा मोठा भाग पोलादाच्या कामी जातो. परंतु त्याचे एक रूप, मँगॅनीज डायऑक्साइड, विजेरीच्या जन्मास कारण झाले. १८६६ साली लेक्लांशे या फ्रेंच संशोधकाने जस्त, नवसागर आणि हे द्रव्य यांचा विद्युत्‌घट सिद्ध केला. त्यानंतर दोन दशकांनी जर्मनीत गास्नरने त्याला कोरडे रूप दिले आणि १८९९ साली अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट निघाले. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गची खाण या कोरड्या घटांसाठी लागणारे खनिज पुरवीत आली आहे.

तो घट एकदा संपला की संपला. १९८० साली गुडइनफ यांनी लिथियम व कोबाल्ट यांचे संयुग पुनःपुन्हा भारित होणाऱ्या घटास योग्य असल्याचे दाखविले. १९८३ च्या सुमारास थॅकरे यांनी त्यांच्यासमवेत मँगॅनीजचे संयुगही लिथियम सामावून घेते हे सिद्ध केले. १९९१ साली असे घट जपानातून बाजारात आले आणि २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या अनेक लिथियम घटांत निकेल व कोबाल्टबरोबर मँगॅनीज असतेच.

मात्र जुना व नवा घट यांच्या स्वभावांत अंतर आहे. जुन्या विजेरीचा उजेड हळूहळू पिवळा पडे व धन्यास सावध करी. नव्या विजेरीचा उजेड बहुधा शेवटपर्यंत प्रखर राहतो आणि एकाएकी मालवतो. म्हणून तिच्या घटाची पारख आधीच करावी लागते.

प्रथम निवड. अठरा मिलिमीटर जाड व पासष्ट मिलिमीटर लांब असा घट सर्वत्र मिळतो. त्याचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट, म्हणजे कोरड्या घटाच्या दुपटीहून अधिक. तेव्हा विजेरी त्यासाठीच घडविलेली असावी. या आकारात सुमारे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास ही उत्तम घटाची मजल होय. वेष्टनावर नऊ हजारांचा आकडा दिसला, तर तो घट दुकानातच ठेवावा.

दुसरे भारण. नेहमीचा घट ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. त्यापुढे रेटल्यास तापून पेट घेण्याचे भय असते, आणि अडीच व्होल्टखाली उपसल्यास तो आतून बिघडतो. लिथियम-लोह-फॉस्फेटचा घट ३.६५ व्होल्टवरच भरतो. यास्तव ज्या जातीचा घट, त्याच जातीचा, आपोआप थांबणारा चार्जर हवा. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला घट चार्जरला लावू नये.

तिसरी परीक्षा. घट पूर्ण भरून आठवडाभर स्वस्थ ठेवावा व मल्टिमीटरने मोजावा. दाब लक्षणीय उतरला असल्यास तो विश्वासास पात्र नाही. ५०० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने पाच तास टिकला, तर त्याची धारणा २५०० होय. मोजण्याचे साधन नसेल, तर एकाच प्रखरतेवर विजेरी किती वेळ जळते याची नोंद ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. आयुष्य संपलेला घट कचऱ्यात न टाकता संकलकाकडे द्यावा. २०२२ च्या नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

मोठ्या भूमिगत खाणींत दिव्यांची स्वतंत्र खोली असते. पाळी संपली की टोपीवरचा दिवा तेथे जमा होतो, भारित होतो, आणि तपासल्यावाचून पुन्हा कोणाच्या टोपीवर चढत नाही. अंधाराशी रोजचा व्यवहार असलेल्यांनी घालून घेतलेली ही शिस्त आहे. श्रोतेहो, रात्री घराबाहेर पडणारे माणूस ज्या घरात असेल, तेथे एका फळीवर एवढीच शिस्त मांडता आली, तरी पुष्कळ झाले.