स्टेनलेस रायफल: जुनी चांगली की नवी?

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "जुन्या बंदुका खरंच भारी असायच्या का रे, की नुसतं 'आमच्या वेळी' टाइप?" प्रश्न छान आहे. आज आपण एकच गोष्ट घेऊया, अमेरिकेतली स्टेनलेस बोल्ट-अॅक्शन शिकारीची रायफल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. तिकडे मात्र हरणाचं मांस फ्रीजमध्ये भरून हिवाळा काढणारी कुटुंबं आजही आहेत.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. तुमच्या घरातल्या स्टीलच्या ताट-वाटीचा जन्म बंदुकीच्या नळीमुळे झालाय. मस्करी नाही! 1912 मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमधल्या हॅरी ब्रिअर्ली नावाच्या धातुतज्ज्ञाला एक काम मिळालं: रायफलच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोध. तो वेगवेगळे मिश्रधातू ओतून बघत होता. 1913 मध्ये साधारण 13 टक्के क्रोमियमचं पोलाद तयार झालं. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं म्हणून अॅसिडने खरवडायला गेला, तर अॅसिड चढेचना. काटे-चमचे, चाकू, ताटल्या हे सगळं त्यानंतर आलं.

गंमत बघा, ज्या रायफलीसाठी हे पोलाद शोधलं, तिथे ते रुळायला कित्येक दशकं गेली.

आता जुन्या बाजूचा हिरो. विंचेस्टर मॉडेल 70, साल 1936. अमेरिकन शिकारी हिला 'रायफलमन्स रायफल' म्हणतात. हिचा बोल्ट जर्मन माउझर 98 च्या वळणाचा. त्यावर एक लांब पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की हा पंजा त्याची कड पकडतो आणि गोळी झाडून रिकामं झालेलं टोपण बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. समोर अस्वल असताना काडतूस मध्येच अडकू नये, एवढा साधा हिशोब.

1964 मध्ये कंपनीने खर्च वाचवायला हे डिझाइन बदललं. पंजा गेला. दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळीदार नक्षी गेली आणि मशीनने दाबलेली आली. गिऱ्हाईक इतकं चिडलं की 'प्री-64' हा शब्दच ब्रँड झाला. आजही जुन्या मॉडेलला वेगळा भाव मिळतो.

पण थांबा. प्री-64 स्टेनलेस होती का? जवळजवळ नाहीच. रिसीव्हर साध्या पोलादाचा, वर निळसर काळी झळाळी. स्टेनलेस नळी फक्त काही काडतुसांसाठी, जसं की .220 स्विफ्ट. ही गोळी सेकंदाला जवळपास 1,250 मीटर वेगाने सुटते आणि नळी भराभर खाते, म्हणून तिथे स्टेनलेस. म्हणजे ब्रिअर्लीच्या मूळ प्रश्नासाठीच! गंजाचा विचार कुणी केलाच नव्हता. उलट लोकांना काळी नळी हवी आणि स्टेनलेसवर नेहमीचा काळा रंग धरत नाही, म्हणून काही नळ्यांवर आधी लोखंडाचा मुलामा देऊन मग त्या काळ्या केल्या. गंजू नये असं पोलाद घ्यायचं आणि वर गंजणारा थर चढवायचा! कोडबेसमध्ये असले प्रकार मी पाहिलेत.

गंजाचा खरा विचार झाला तो अलास्कासारख्या ठिकाणांमुळे. तिथल्या केचिकान गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1990 च्या आसपास रुगरने आपली एम77 मार्क टू पूर्ण स्टेनलेसमध्ये आणली, दस्ता प्लास्टिकचा. तो इतका विचित्र दिसायचा की लोकांनी त्याचं नाव 'वल्हं' ठेवलं. रुगरचा रिसीव्हर ओतीव असतो: आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीसारखं कवच, मग मेण वितळवून धातू ओतायचा. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती करतात, तत्त्व तेच. विंचेस्टरनेही 1990 च्या दशकात पंजा परत आणला आणि स्टेनलेस मॉडेलही काढलं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. रायफलमधलं स्टेनलेस म्हणजे ताटलीचं स्टेनलेस नव्हे. ताटलीत निकेल असतं, लोहचुंबक सहसा चिकटत नाही. नळीसाठी बहुतेकदा 416 नावाचा प्रकार वापरतात. त्याला चुंबक चिकटतो, आणि खारं पाणी तसंच ठेवलं तर तोही गंजतो, फक्त उशिरा. शिवाय आतली स्प्रिंग, ट्रिगरचे छोटे भाग बऱ्याचदा साध्या पोलादाचे असतात. बाहेरून चकाचक, आतून काय ते उघडल्यावरच कळणार.

आणि खरा मुद्दा त्या ट्रिगरमध्येच आहे. रेमिंग्टन मॉडेल 700, साल 1962, अमेरिकेतल्या सर्वात लोकप्रिय बोल्ट-अॅक्शनपैकी एक. 1990 च्या दशकात तीही स्टेनलेसमध्ये मिळू लागली, पण आत ट्रिगर तोच, 1940 च्या दशकातला, माइक वॉकरने बनवलेला. त्यात एक सुटी पट्टी होती. तिच्यामागे कचरा किंवा गोठलेला ओलावा अडकला तर ट्रिगर पूर्ण जागेवर येत नाही, आणि मग बोट न लावता बार उडू शकतो, असा आरोप अनेक खटल्यांमध्ये झाला. कंपनी कायम म्हणत राहिली की रायफल सुरक्षित आहे. वॉकरने स्वतः 1948 मध्येच सुधारणा सुचवली होती. खर्च दर बंदुकीमागे साडेपाच सेंट. केली नाही. आमच्या भाषेत, तिकीट 'वोन्ट फिक्स' म्हणून बंद.

दुसरी गोष्ट, 1982 आधीच्या मॉडेल 700 मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही लॉक व्हायचा. म्हणजे रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढा! ऑक्टोबर 2000 मध्ये मोंटाना राज्यात एक आई शिकारीनंतर रायफल रिकामी करत होती. तिने सेफ्टी सरकवली, बार उडाला आणि तिचा 9 वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी पुढे कित्येक वर्षं कंपनीची कागदपत्रं खणून काढली.

मग 'नवी चांगली' म्हणायचं? 2006 मध्ये रेमिंग्टनने नवा ट्रिगर आणला, एक्स-मार्क प्रो. एप्रिल 2014 मध्ये त्याच ट्रिगरच्या रायफली कंपनीने परत मागवल्या. जोडणी करताना चिकटद्रव्य जास्त पडत होतं, त्यामुळे आपोआप बार उडण्याचा धोका होता. नवं डिझाइन, नवी फॅक्टरी लाइन, आणि बग तोच.

आता 1936 ची मॉडेल 70 परत बघा. तिची सेफ्टी तीन टप्प्यांची. मधल्या टप्प्यावर बार उडत नाही पण बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ्टी लावूनच रायफल रिकामी करता येते. मोंटानाच्या 64 वर्षं आधी हे बाजारात होतं. रुगरने मार्क टू मध्ये हाच तीन टप्प्यांचा मार्ग घेतला.

त्यामुळे माझं मत विचाराल तर पोलादात नवी पुढे, यात वाद नाही. मशीनिंगमध्येही प्री-64 चं कौतुक थोडं जास्तच होतं. आजचं संगणकावर चालणारं मशीन त्या कारागिराइतकं अचूक काम स्वस्तात करतं. पण मी जुनी घेऊन बसलेल्या माणसाला हसणार नाही. त्याने जे पकडून ठेवलंय ते नक्षीकाम नसून ती मधली खाच आहे.

विंचेस्टरची न्यू हेवनमधली फॅक्टरी 2006 मध्ये बंद पडली. 2008 मध्ये एफएन कंपनीने साउथ कॅरोलायनात मॉडेल 70 पुन्हा सुरू केली: स्टेनलेसही मिळते, पंजा आहे, ट्रिगर संपूर्ण नवा. आणि सेफ्टी? तीच, तीन टप्प्यांची.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.