तराईतील खैरा : रोग नव्हे, उपासमार

हिमालयाच्या पायथ्याची तराई दीर्घकाळ घनदाट अरण्य आणि हिवताप यांच्या ताब्यात होती. स्वातंत्र्यानंतर हिवताप आटोक्यात आला, अरण्य तोडले गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली अनेक कुटुंबे तेथे वसली. पिढ्यान्‌पिढ्या कुजलेल्या पाल्याने काळी झालेली ती माती कधी थकेल, असे वाटत नव्हते. १९६० साली देशातील पहिले कृषी विद्यापीठही तेथेच, पंतनगरला उभे राहिले.

परंतु तेथील भातावर अवकळा येऊ लागली. रोपे खुंटत आणि पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत. म्हणून लोक तिला ‘खैरा’ म्हणत. पंतनगरचे वनस्पतिरोगतज्ज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले की, हा बुरशीचा वा विषाणूचा प्रताप नसून जस्ताची उणीव आहे. मातीत जस्त असले तरी चुनखडीच्या, पाणी साचलेल्या जमिनीत ते मुळांना सहजी मिळत नव्हते. उपाय साधा निघाला : झिंक सल्फेट आणि चुना यांची फवारणी.

अरण्यात गळलेले पान तेथेच कुजते आणि त्यातील द्रव्ये पुन्हा मुळांकडे जातात. शेतातील धान्य मात्र बाजारात जाते. त्यासोबत मातीतील जस्तही जाते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ निकषांत जस्ताचा समावेश आहे. मातीच्या काळ्या रंगावरून जे कळत नाही, ते तेथे आकड्यांत वाचता येते.