पीजेनं आलेले काका

आमच्या घरात एका काकांचं आडनाव वेगळं होतं. लग्नपत्रिकेत ते पहिल्यांदा छापलेलं पाहिलं आणि आजीला विचारलं. ती म्हणाली, "तो पीजेनं आला, बाप्पा. पण आला तो आपलाच."

खान्देशातली पाचोरा ते जामनेर ही छोट्या रुळांची गाडी, पीजे, १९१९च्या सुमारास सुरू झाली. तिच्या मागोमाग कापसाचे गठ्ठे, व्यापारी, हमाल आणि कुणीच नसलेली पोरंही आमच्या गावात आली. काकांचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. आधी आई गेली, मग पटकीच्या साथीत वडील. नऊ-दहा वर्षांचं पोर स्टेशनावरच झोपायचं. एका हंगामात त्यानं जिनिंगच्या आवारातून कापूस उचलला, दुकानदाराला विकला आणि भजी खाल्ली. दुसऱ्यांदा सापडला. पोलिसांनी त्याला जळगावला नेलं.

आजोबा त्याच जिनिंगमध्ये मापाडी होते. चोरीला गेलेला कापूस त्यांच्याच काट्यावरचा. तरी ते पीजेनं पाचोऱ्याला आणि तिथून मोठ्या गाडीनं जळगावला गेले. आजीच्या सांगण्यात हा प्रवास नेहमी लांबायचा, कारण तिला त्यात आजोबांचा अभिमान होता. कोर्टात विचारलं, "याचं कोण आहे?" आजोबा म्हणाले, "मी आहे." पुढे सरकारी माणूस घर बघायला आला. त्यानं कणगीत डोकावून पाहिलं, पोराला शाळेत घालणार का विचारलं. त्याच्यासमोर काकांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा एवढा खाल्ला की आजीला पुन्हा तवा चढवावा लागला.

आजोबांना कायदा ठाऊक नव्हता, पण कायद्यात ही वाट होती. मुंबई राज्याच्या १९४८च्या बाल अधिनियमात मुलाला नातेवाइकाच्या किंवा 'योग्य व्यक्ती'च्या हवाली करण्याची सोय होती. मूल अनाथ असो वा चोरीत पकडलेलं, दोघांचा विचार त्याच एका अधिनियमात होता.

या एकत्र मोजण्याचा इतिहास जुना आहे. १८५०च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानं दहा ते अठरा वयाच्या अनाथ, गरीब आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना एकाच पद्धतीनं कारागिराच्या हाताखाली बांधून ठेवता येत असे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ मध्ये उभी राहिली. खान्देशातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेला छप्पनचा दुष्काळ पडला त्याच १८९९ साली शिकागोत जगातलं पहिलं मानलं जाणारं बालन्यायालय सुरू झालं. तिथंही निराधार आणि गुन्हेगार ठरवलेली मुलं एकाच न्यायाधीशापुढे येत.

आपल्याकडे याची सर्वांत क्रूर बाजू गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. १८७१च्या त्या कायद्यानं माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. १९११च्या सुधारित कायद्यानं तर त्या जमातींची मुलं आईबापांपासून तोडून सरकारी शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या पोरानं काहीच केलेलं नसे. कायदा १९५२ मध्ये गेला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते, हे जामनेरच्या बाजारात कुणालाही विचारा.

मुलांच्या कायद्यात मात्र पुढे बदल झाला. शीला बर्से या पत्रकार बाईंनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९८६ मध्ये देशभरासाठी बाल न्याय कायदा आला. २००० च्या कायद्यानं दोन दारं ठळक केली: काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक बालकल्याण समितीपुढे, विधिसंघर्षग्रस्त बालक बाल न्याय मंडळापुढे. हे वेगळेपण गरजेचं होतं. बाप मेलेल्या पोरीला चोराच्या रांगेत उभं करणं हा अन्यायच होता.

पण काकांना कुठल्या दारातून आत घेतलं असतं? कापूस उचलला म्हणून मंडळाकडे, की उपाशी आणि बेवारस होते म्हणून समितीकडे? २०१५च्या कायद्यात याचं उत्तर आहे. एकच मूल एकाच वेळी दोन्ही असू शकतं, हे मान्य करून मंडळाला ते प्रकरण कोणत्याही टप्प्यावर समितीकडे पाठवता येतं. त्या कायद्यातलं हे मला सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. आणि वापरात सर्वांत कमी येणारंही तेच असावं, अशी मला भीती वाटते. पण समितीकडे पाठवलं म्हणजे काम संपलं असंही नाही. जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञानं २००७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मुलांचा अभ्यास मांडला. घरी ठेवावं की परक्या घरी पाठवावं, अशा काठावरच्या मुलांपैकी घरातून काढलेली मुलं पुढे बालगुन्ह्यांत जास्त सापडली. म्हणजे नुसतं उचलून दुसरीकडे ठेवणं पुरत नाही.

आमच्याकडे पोर आधी मामाकडे जातं, नाहीतर आत्याकडे. या रिवाजाला सरकारनं बालसंगोपन योजनेनं हात दिला. सावित्रीबाई फुल्यांचं नाव असलेल्या या योजनेत आता दरमहा २२५० रुपये मिळतात. पण मामा शेतमजूर असला तर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं या कागदांतच त्याची मजुरी बुडते. तो अर्ज अर्धा सोडतो. पोर शाळा सोडतं. पुढची नोंद पोलिस ठाण्यात होते.

काका पुढे एसटीत वाहक झाले. आजोबांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत तेही होते. त्यांच्या चोरीची गोष्ट घरात कुणी लपवली नाही आणि तिच्यावरून कुणी त्यांना टोचून बोललंही नाही.

तुमच्या गल्लीत असं पोर असेल तर १०९८ वर फोन करा. अंगणवाडीताईंना सांगा. त्याच्या मामासोबत एक दिवस जळगावच्या महिला व बालविकास कार्यालयात जा आणि अर्ज पुरा करून द्या. हे सगळं त्यानं पहिल्यांदा कापूस उचलण्याआधी करा.