ऑस्ट्रेलियात इंटरनेट कंपनी बदलताना ‘एव्हीसी’ क्रमांक हाताशी असू द्या

विशेष प्रतिनिधी

शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने मुले मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन येथे स्थायिक झालेली आहेत, अशी कुटुंबे आता पुण्या-मुंबईच्या बहुतेक सोसायट्यांत आढळतात. या मुलांच्या तोंडी अधूनमधून एक वाक्य असते, ‘इंटरनेटची कंपनी बदलतोय, दोन दिवस व्हिडिओ कॉल होणार नाही.’ वास्तविक त्या देशातील यंत्रणा अशी आहे, की कंपनी बदलताना सेवा दोन दिवस बंद राहण्याचे सहसा कारण नसते. तरीही ती राहते, कारण जुनी जोडणी आधी तोडली जाते किंवा नव्या कंपनीकडे चुकीच्या जोडणीची मागणी नोंदवली जाते. या दोन्ही चुका टाळण्यास उपयोगी पडणारा एक पंधरा अक्षरांचा क्रमांक प्रत्येक ग्राहकाच्या नावे असतो. मात्र बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

तार एक, विक्रेते अनेक

हा क्रमांक समजण्यासाठी तेथील रचना समजणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने 2009 मध्ये देशभर नवे ब्रॉडबँड जाळे उभारण्यासाठी ‘एनबीएन’ ही सरकारी कंपनी स्थापन केली. टास्मानियात 2010 मध्ये पहिल्या जोडण्या सुरू झाल्या. सर्व घरांपर्यंत फायबर नेण्याची मूळ योजना 2013 च्या सत्तांतरानंतर बदलली. कोठे घरापर्यंत फायबर, कोठे रस्त्यावरील पेटीपर्यंत फायबर व पुढे जुनी तांब्याची तार, कोठे केबल टीव्हीची तार, तर दुर्गम भागात उपग्रह, असे संमिश्र जाळे तयार झाले. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने ते पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

एनबीएन ही केवळ घाऊक विक्रेती आहे. ती ग्राहकाला थेट सेवा विकत नाही. ते काम टेलस्ट्रा, ऑप्टस, टीपीजी, ऑसी ब्रॉडबँड अशा किरकोळ कंपन्यांचे. घरात येणारी तार सरकारी कंपनीची आणि बिल पाठवणारी कंपनी दुसरीच. आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. येथे प्रत्येक कंपनी गच्चीवरून आपापली स्वतंत्र तार सोडते, त्यामुळे कंपनी बदलली की तारही बदलते. ऑस्ट्रेलियात तार तीच राहते. तिच्यावरून कोणाची सेवा धावणार, एवढेच संगणकावर बदलायचे असते. सहा महिन्यांपुरती सवलत देणाऱ्या योजना तेथे सर्रास असल्याने सवलत संपताच कंपनी बदलणारे ग्राहकही पुष्कळ आहेत.

क्रमांक कशाचा?

‘एव्हीसी’ म्हणजे ‘अॅक्सेस व्हर्च्युअल सर्किट’. एनबीएनच्या जाळ्यात देशभर 121 आंतरजोडणी केंद्रे आहेत. ग्राहकाच्या घरापासून अशा केंद्रापर्यंत त्याच्या सेवेसाठी जी आभासी वाहिनी राखलेली असते, तिचा हा क्रमांक. ‘ए, व्ही, सी’ या तीन इंग्रजी अक्षरांनंतर बारा आकडे, असे त्याचे स्वरूप असते. याच घाटाचा दुसरा क्रमांक ‘एल, ओ, सी’ या अक्षरांनी सुरू होतो. तो जागेचा क्रमांक. या दोहोंत गल्लत होते. जागेचा क्रमांक घराचा असतो, तर एव्हीसी क्रमांक त्या घरात चालू असलेल्या विशिष्ट सेवेचा. कंपनी बदलली की एव्हीसी क्रमांकही बदललेला असू शकतो. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या ई-मेलमधून शोधलेला क्रमांक नव्या कंपनीला देऊन उपयोग नाही, सध्या चालू असलेल्या सेवेचाच हवा.

काही कंपन्या हा क्रमांक ग्राहकाच्या ऑनलाइन खात्यात दाखवतात. जेथे तो दिसत नाही, तेथे ग्राहकसेवेला फोन वा चॅट करून ‘माझ्या जोडणीचा एव्हीसी आयडी आणि लोकेशन आयडी द्या’, असे थेट विचारावे. कारण सांगण्याची गरज नाही. विचारल्यास सांगण्यासही हरकत नाही, फक्त समोरून सवलतीची नवी योजना पुढे केली जाईल, याची तयारी ठेवावी. (ती खरोखरच चांगली असेल, तर पुढचा खटाटोप वाचतो, हेही खरे.)

भारतीय वाचकांना येथे मोबाइल कंपनी बदलतानाचा आठ अक्षरांचा कोड आठवेल. 1900 या क्रमांकावर संदेश पाठवून मिळवावयाचा तो कोड 20 जानेवारी 2011 पासून देशभर लागू झाला. मात्र साम्य वरवरचे आहे. तो कोड जुन्या कंपनीकडून घेतल्याखेरीज आपल्याकडे मोबाइल क्रमांक हलत नाही. एव्हीसी क्रमांक ही परवानगी नव्हे, ती केवळ ओळख आहे. तो न देताही नवी कंपनी पत्त्यावरून जोडणी शोधू शकते व बहुतेक वेळा शोधतेच. खोळंबा होतो तो उरलेल्या वेळी.

पत्ता का चुकतो?

तेथील सदनिकांचे पत्ते ‘3/12’ असे लिहिले जातात, म्हणजे बारा क्रमांकाच्या इमारतीतील तीन क्रमांकाची सदनिका. कंपनीच्या यादीत तोच पत्ता ‘युनिट 3’ म्हणून असतो, कोठे मजल्यानुसार, तर नव्या वसाहतीत चक्क भूखंडाच्या क्रमांकाने. एका भूखंडाचे दोन भाग करून मागे दुसरे घर बांधले असेल, तर गोंधळ आणखी वाढतो. अशा वेळी मागणी शेजाऱ्याच्या जोडणीवर नोंदवली जाण्याचा धोका असतो. तसे झाल्यास आपली सेवा सुरू होत नाहीच, शिवाय शेजाऱ्याची बंद पडते. तांब्याच्या तारांवर चालणाऱ्या जुन्या इमारतींत, जेथे सर्वांच्या जोड्या एकाच पेटीत येतात, तेथे हा अनुभव विशेष तापदायक ठरतो. एव्हीसी क्रमांक दिल्यास नव्या कंपनीला पत्त्याचा अंदाज बांधावा लागत नाही.

फायबरच्या घरांत अडचण वेगळी. भिंतीवर एनबीएनची जी पेटी असते, तिच्यावर अनेक घरांत इंटरनेटसाठी चार पोर्ट असतात आणि प्रत्येकावर वेगळ्या कंपनीची सेवा चालू शकते. सोय उत्तम, पण नव्या कंपनीने ‘हस्तांतर’ऐवजी ‘नवी जोडणी’ अशी मागणी नोंदवली, की नवी सेवा दुसऱ्या पोर्टवर सुरू होते. ग्राहकाचा राउटर पहिल्याच पोर्टला जोडलेला असतो. त्याला वाटते, नवी कंपनी सेवा सुरू करीत नाही. कंपनी सांगते, आमच्याकडून सेवा चालू आहे. दोघेही खरेच बोलत असतात! दरम्यान पहिल्या पोर्टवरील जुनी सेवाही चालूच राहते आणि महिनाअखेरीस दोन बिले येतात. एव्हीसी क्रमांक दिला, की कोणत्या पोर्टवरील कोणती सेवा घ्यायची, हे निःसंदिग्ध होते. एवढे करूनही इंटरनेट न आल्यास तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी वायर दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी.

आधी तोडू नका

सर्वांत महत्त्वाची बाब क्रमाची आहे. आपल्याकडील सवयीने अनेक जण प्रथम जुन्या कंपनीला ‘बंद करा’ असे कळवतात. जुनी सेवा बंद झाली, की तिचा एव्हीसी क्रमांकही निरुपयोगी होतो. मग हस्तांतर करण्यासारखे काही उरत नाही, नव्याने जोडणी मागवावी लागते व त्यात काही दिवस जाऊ शकतात. म्हणून जुनी सेवा चालू असतानाच क्रमांक मिळवावा, नव्या कंपनीकडे मागणी नोंदवताना ‘हे हस्तांतर आहे’ असे स्पष्ट सांगून तो द्यावा आणि नवी सेवा प्रत्यक्ष चालल्याची खात्री झाल्यावरच जुन्या कंपनीला निरोप द्यावा. सुरळीत हस्तांतर बहुधा त्याच दिवशी, काही वेळा तर काही मिनिटांत होते. जोडणी हलली म्हणजे जुने खाते आपोआप बंद झाले, असे मात्र गृहीत धरू नये. ते बंद केल्याची लेखी पोच मागावी.

घरचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटबरोबरच घेतलेला असेल, तर हा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा. तो क्रमांक चालू सेवेवरूनच दुसरीकडे नेता येतो. सेवा रद्द केली, तर क्रमांक गमावण्याची पाळी येते. वयस्कर आई-वडील भारतातून वर्षानुवर्षे त्याच क्रमांकावर फोन करीत असतील, तर हे नुकसान लहान नव्हे.

हस्तांतर झाल्यावर इंटरनेट बंद दिसण्याचे आणखी एक साधे कारण राउटरमध्ये असते. काही कंपन्यांना वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड राउटरमध्ये भरावा लागतो, काहींना लागत नाही. जुनी मांडणी तशीच राहिली, तर नवी सेवा येऊनही उपयोग होत नाही. आवश्यक ती मांडणी नव्या कंपनीकडून आदल्या दिवशीच लिहून घ्यावी आणि राउटर त्याच कंपनीपुरता बांधलेला नाही ना, हेही विचारावे.

भाड्याच्या घरात नव्याने राहायला आलेल्यांकडे एव्हीसी क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही, कारण तेथे चालू सेवा असलीच तर ती आधीच्या भाडेकरूची. त्यांनी घरमालकाकडून वा दलालाकडून जागेचा क्रमांक मिळतो का ते पाहावे, भाडेकरार हाताशी ठेवावा आणि नवी जोडणीच मागवावी.

हा क्रमांक गुप्त नसला, तरी पेटीची वा बिलाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना तो झाकलेला बरा. ग्राहकाच्या संमतीविना सेवा हलवण्यास कंपन्यांना मनाई आहे. पण चुकीने हललेली सेवा परत आणण्यात वेळ जातोच. ‘एनबीएनमधून बोलतो आहे, तुमची जोडणी तोडली जाणार आहे’, असे सांगणारे फोन हा तेथील जुना फसवणुकीचा प्रकार आहे. अशा फोनवर कोणताही क्रमांक सांगू नये.

एनबीएनबाहेरच्या जाळ्यांना हे सारे लागू नाही. काही नव्या वसाहतींत ऑप्टिकॉमसारख्या खासगी कंपनीचे फायबर असते. मोबाइलच्या मनोऱ्यावरून मिळणारे 5जी घरगुती इंटरनेटही वेगळे. अशा ठिकाणी एव्हीसी क्रमांक मागितल्यास ग्राहकसेवेतील कर्मचारीच बुचकळ्यात पडेल.

कंपनीकडे तक्रार करूनही दुहेरी बिल वा चुकीचे हस्तांतर निस्तरले जात नसेल, तर 1993 पासून कार्यरत असलेल्या दूरसंचार लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तेथे जाण्यापूर्वी कंपनीकडे तक्रार केलेली असणे आवश्यक आहे. एव्हीसी क्रमांक, मागणी नोंदवल्याची तारीख आणि जुन्या कंपनीला पाठवलेला निरोप, हे तिन्ही तक्रारीसोबत जोडावे.